बोलका सुतार हवा आहे

शाळांसाठी छोट्या चित्रफिती तयार करणाऱ्या एका हौशी गटात १९९६-९७ च्या सुमारास मी होतो. कार्यानुभवाच्या तासाला दाखवता येतील अशा वीस-वीस मिनिटांच्या फिती काढायच्या, सुतारकाम, गवंडीकाम, नळजोडणी असे विषय घ्यायचे आणि प्रत्येक फितीचा सूत्रधार त्या कामातला कारागीरच असायचा, एवढे एकमताने ठरले. मग शोध सुरू झाला. पाच-सहा सुतारांना आम्ही भेटलो. त्या भेटी आठवल्या की आज ओशाळायला होते. आलेल्या मिस्त्रींना खुर्चीवर बसवायचे आणि "तुमच्या कामाबद्दल दोन मिनिटं बोला" असे सांगायचे, ही आमची परीक्षा! एक जण गप्पच बसले. दुसरे म्हणाले, "बोलायचं काय त्यात, सर? काम दाखवतो की." तिसरे मात्र छान बोलले. आवाज चांगला, हजरजबाबी, वाक्ये पूर्ण. अर्थातच त्यांची निवड झाली.

फीत तयार झाल्यावर लक्षात आले की वीस मिनिटांत त्यांचा हात लाकडाला लागला होता जेमतेम चार मिनिटे. उरलेला वेळ ते आमच्यासारखेच बोलत होते. मुलांनी फीत शांतपणे पाहिली आणि एकही प्रश्न विचारला नाही. वर्गात शांतता म्हणजे काय, हे शिक्षकांना सांगायला नको.

आमची चूक नेमकी कोठे झाली, हे पुढे परदेशातल्या काही मालिका पाहताना हळूहळू उलगडत गेले. कारागिराला पडद्यावर आणण्याचे प्रयत्न अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये गेली साठ-सत्तर वर्षे चालू आहेत. त्यांतल्या काही प्रयत्नांचे हे परीक्षण आहे. मनोरंजन म्हणून त्या मालिका कशा आहेत हा येथे प्रश्न नाही. कारागिराचा विचार त्यांतून दिसतो का, एवढेच मी पाहिले.

सुरुवात बोस्टनपासून करू. तेथील डब्ल्यूजीबीएच या सार्वजनिक दूरचित्रवाणी केंद्राचे निर्माते रसेल मोराश यांनी १९७० च्या दशकात आपल्या घरामागे एक बांधकाम काढले होते. ते करायला नॉर्म एब्रम नावाचे तरुण सुतार आले. मोराश यांचे लक्ष गेले ते एब्रम यांच्या बोलण्याकडे नव्हे, तर कामाशेजारच्या टाकाऊ लाकडाच्या ढिगाकडे. एवढे काम झाले तरी ढीग अगदी लहानसा होता. ही गोष्ट मोराश पुढे अनेकदा सांगत.

या ढिगावर थोडे थांबायला हवे. लाकूड वाया जाते ते बहुधा कापताना नव्हे, कापण्यापूर्वी. कोणत्या फळीतून कोणता तुकडा काढायचा, गाठ कोठे येते, करवतीच्या पात्याच्या जाडीएवढे लाकूड दर कापाला भुशात जाते ते हिशेबात धरले आहे का, हे सगळे आधी डोक्यात झालेले असले तरच ढीग लहान राहतो. म्हणजे तो ढीग हा त्या माणसाच्या विचाराचा पुरावा होता, आणि तो वाचता येणारा निर्माता तेथे होता. कारागीर शोधण्याची याहून चांगली कसोटी माझ्या पाहण्यात नाही. आम्ही खुर्ची मांडली. मोराश यांनी केराचा ढीग पाहिला.

मोराश यांची नजर अशी तयार होण्यामागे कारणही असावे. १९६३ मध्ये सुरू झालेला ज्यूलिया चाइल्ड यांचा 'द फ्रेंच शेफ' हा पाककृतींचा कार्यक्रम त्यांनीच केला होता. त्याचे चित्रण मध्ये न थांबता सलग होई. बटाट्याचा एक पदार्थ उलटताना ज्यूलियाबाईंच्या हातून सांडला, तो त्यांनी गोळा करून पुन्हा तव्यात घातला आणि ते तसेच प्रेक्षकांपर्यंत गेले. चूक घडते आणि जाणता माणूस ती सावरतो, हे पाहण्यासारखे असते, हा धडा मोराश यांना स्वयंपाकघरात मिळाला असणार.

'धिस ओल्ड हाउस' ही मालिका १९७९ मध्ये बोस्टन केंद्रावर आणि पुढच्या वर्षी अमेरिकाभर सुरू झाली. बोस्टनच्या डॉर्चेस्टर भागातले एक जुने घर घेऊन ते आठवड्यामागून आठवडे दुरुस्त करत जायचे, अशी कल्पना. सुतारकाम एब्रम यांच्याकडे आले. सूत्रधार मात्र ते नव्हते. सूत्रधार होते बॉब विला. तेही जुनी घरे दुरुस्त करण्याच्या व्यवसायातले, पण शिक्षण वृत्तपत्रविद्येचे आणि कॅमेऱ्यासमोर सहज वावरणारे. विला प्रश्न विचारीत, एब्रम काम करता करता उत्तर देत.

या वाटणीबद्दल माझे मत अनेक वर्षे बदलत राहिले आहे. पहिल्यांदा राग आला. ज्याला येते तो दुसऱ्या खुर्चीवर आणि ज्याला बोलता येते तो पहिल्या, हे आपल्या शाळांतही रोज घडते. पुढे आणखी काही भाग पाहिल्यावर वाटले की प्रेक्षकाच्या वतीने विचारणारे कोणीतरी हवेच. विला १९८९ मध्ये जाहिरातींवरून झालेल्या वादात मालिकेबाहेर पडले. त्यांच्या जागी स्टीव्ह थॉमस आले, २००३ मध्ये केव्हिन ओकॉनर आले. ओकॉनर तर बँकेत काम करणारे गृहस्थ! स्वतःच्या घरातली अडचण घेऊन ते याच मंडळींच्या एका जोडकार्यक्रमात आले होते, तेथून ते थेट सूत्रधार झाले. सूत्रधाराची जागा दोनदा रिकामी झाली आणि दोन्ही वेळा सुतार आपल्या जागीच राहिले. एब्रम २०२२ मध्ये निवृत्त झाले तेही 'मास्टर कार्पेंटर' म्हणूनच.

आता मला वाटते की विचारणारा वेगळा असण्यात दोष नाही. दोष आहे तो ठरीव प्रश्नात. "हे असे का बरे करता?" असे सूत्रधार विचारतो तेव्हा उत्तर त्याला आधीच माहीत असते, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर दिसते. वर्गात आपणही असे प्रश्न विचारतो. मुलांना ते लगेच कळतात.

एब्रम यांना स्वतःची मालिका मिळाली ती १९८९ मध्ये. 'द न्यू यांकी वर्कशॉप' हे तिचे नाव. ती २००९ पर्यंत चालली. प्रत्येक भागात एखादे जुने टेबल, कपाट किंवा खुर्ची पाहायची आणि तशीच नवी वस्तू करायची. सुरुवातीला सुरक्षेची सूचना, डोळ्यांवर संरक्षक चष्मा, आणि मग काम. बोलणे थोडे, स्पष्ट, न घसरणारे. प्रयोगशाळेत सुरक्षेबद्दल कसे बोलावे याचा नमुना म्हणून मालिकेची पहिली दोन मिनिटे विज्ञानशिक्षकांनी जरूर पाहावीत. भीती नाही, उपदेश नाही. हातात हत्यार घेण्यापूर्वी करायची ती एक साधी गोष्ट, इतकेच.

तरीही या मालिकेत मला काहीतरी कमी वाटत राहिले. ते काय, याचा उलगडा एका तपशिलाने झाला. एब्रम प्रत्येक वस्तू चित्रणापूर्वी एकदा पूर्ण करून पाहत. तो पहिला नमुना कार्यक्रमात दाखवलाही जाई. पडद्यावर आपण पाहतो ते दुसऱ्यांदा केलेले काम. साहजिकच सगळे निर्णय झालेले असतात, सगळ्या अडचणी सुटलेल्या असतात. माप घेतले, कापले, बसले. ज्या क्षणी सुतार थबकला असेल, फळी उलटून पाहिली असेल, "असे नको, तसे करू" म्हणाला असेल, तो क्षण पहिल्या नमुन्यातच राहून गेला आणि तेथे कॅमेरा नव्हता. आपल्या पाठ्यपुस्तकांतल्या प्रयोगांसारखेच हे. कृती, निरीक्षण, निष्कर्ष! कोणाचे काही चुकतच नाही.

दुसरी तक्रार यंत्रांची. वर्षे गेली तशी ती कार्यशाळा यंत्रांनी भरत गेली. घरी दोन-चार हत्यारे असणारा प्रेक्षक हरखून बघत राही, पण हाताने काही करायला घेत नसे. ही तक्रार अमेरिकेतही पुष्कळांनी केली.

नेमकी याच्या उलट तऱ्हा रॉय अंडरहिल यांची. 'द वुडराइट्स शॉप' ही त्यांची मालिका नॉर्थ कॅरोलायनाच्या सार्वजनिक केंद्रावर १९७९ मध्ये सुरू झाली आणि २०१७ पर्यंत चालली. विजेचे एकही यंत्र नाही. कुऱ्हाड, करवत, रंधा, पटाशी आणि पायाने चालवायचे कातारीचे चाक. अंडरहिल नाट्यशास्त्र शिकलेले होते आणि विल्यम्सबर्गच्या ऐतिहासिक वसाहतीत जुन्या पद्धतीने घरे बांधण्याचे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले. त्यांचा कार्यक्रम जवळजवळ सलग चित्रित होई. धाप लागलेली, घाम आलेला, कधी बोट कापून रक्त आलेले, तरी हे गृहस्थ बोलतच आहेत आणि लाकूड फुटतेच आहे. ओंडका तंतूंच्या दिशेने उभा फोडला की तो करवतीने कापलेल्यापेक्षा मजबूत का राहतो, हे त्यांच्या एका घावात जितके समजते तितके आकृतीने समजत नाही. फूट तंतूंच्या मधून जाते, तंतू तुटत नाहीत. करवत मात्र सरळ रेषा सोडत नाही आणि तंतू आडवे आले तर तेही कापते.

अर्थात त्यांचा सगळा कार्यक्रम घड्याळाशी लावलेली शर्यत असतो आणि प्रेक्षकाला श्वास घ्यायला जागा नसते. ते मूळचे नट आहेत, हेही विसरता येत नाही. पण घाव चुकला तर तो चुकलेला दिसतो. माझ्या हिशेबात हे मोठे पुण्य आहे.

पडद्यावर कारागीर आला म्हणजे जे दिसेल ते चांगलेच, असे समजण्याचे कारण नाही, याचे उदाहरण ब्रिटनमध्ये आहे. बीबीसीवर १९५० आणि ६० च्या दशकांत बॅरी बकनेल घरगुती दुरुस्तीचे कार्यक्रम करीत. १९६२ मध्ये लंडनच्या ईलिंग भागातले एक घर घेऊन त्यांनी आठवडोन्आठवडे ते सुधारून दाखवले. माणूस दिलखुलास होता. थेट प्रक्षेपणात काही पडले, निसटले तरी हसून पुढे जाणारा. लाखो लोकांनी त्यांचे ऐकून घरात हत्यारे आणली. आणि त्यांचेच ऐकून जुन्या व्हिक्टोरियन घरांच्या नक्षीदार पॅनेलच्या दारांवर सपाट हार्डबोर्ड ठोकले! धूळ बसत नाही, रंग द्यायला सोपे, दिसायला आधुनिक. पुढच्या पिढीने ते हार्डबोर्ड पुन्हा काढायला घेतले. काय करायचे हे बकनेल यांनी उत्तम दाखवले. ते करावे की नाही, हा प्रश्न कार्यक्रमात आलाच नाही. एका सुताराचा चुकीचा सल्ला एका घरात राहतो. पडद्यावरच्या सुताराचा देशभर जातो.

आता ज्यांच्यासाठी मुख्यतः हा लेख लिहायला घेतला त्यांच्याकडे वळतो. फ्रेड डिब्ना. इंग्लंडमधल्या बोल्टन या कापडगिरण्यांच्या गावचे. जन्म १९३८ चा. शाळा सोडल्यावर त्यांनी सुतारकामाची उमेदवारी केली, पण ओढ होती गिरण्यांच्या धुराड्यांची. ती दुरुस्त करणाऱ्या कारागिराला इंग्रजीत 'स्टीपलजॅक' म्हणतात. आपल्याकडे गिरणगावातली धुराडी पाहिलेल्यांना त्या उंचीची कल्पना येईल. मुंबईच्या गिरण्यांतली पुष्कळ यंत्रेही याच लँकेशायर परगण्यातून आलेली होती.

डिब्ना सापडले ते योगायोगानेच. १९७८ मध्ये बोल्टनच्या नगरभवनाच्या मनोऱ्यावर ते दुरुस्ती करीत होते. बीबीसीच्या स्थानिक बातम्यांसाठी एक वार्ताहर त्यांची मुलाखत घ्यायला वर चढला. हा माणूस काम न थांबवता बोलतो आणि बोलणे कामाबद्दलच असते, हे तेव्हा दिसले. त्यावरून डॉन हॅवर्थ यांनी केलेला 'फ्रेड डिब्ना, स्टीपलजॅक' हा माहितीपट १९७९ मध्ये दाखवला गेला आणि त्याला ब्रिटिश अकादमीचा पुरस्कार मिळाला.

हा माहितीपट शिक्षकांनी दोनदा पाहावा. एकदा नुसता, एकदा हातात कागद घेऊन. धुराड्यावर शिडी कशी चढते, हेच पाहा. विटांच्या सांध्यात भोक पाडायचे, त्यात लाकडी खुंटी ठोकायची, खुंटीत लोखंडी आकडा, आकड्याला शिडी दोराने बांधायची. मग त्या शिडीवर उभे राहून पुढचे भोक. प्रत्येक पायरीचा आधार आधीच्या पायरीने दिलेला आहे. लाकडी खुंटीच का? लोखंडाचा आकडा विटेत थेट ठोकला तर वीट फुटेल. लाकूड मात्र दबते आणि दबलेले लाकूड आकडा आवळून धरते. डिब्ना हे असे समजावून सांगत नाहीत. ते खुंटी ठोकतात आणि घावाचा आवाज ऐकतात. आवाज बदलला की थांबतात. आपण पाहता पाहता समजतो.

धुराडे पाडण्याची त्यांची रीत तर प्रसिद्धच आहे. सुरुंग नाही. ज्या बाजूला पाडायचे त्या बाजूच्या बुंध्यातल्या विटा थोड्याथोड्या काढायच्या आणि प्रत्येक वेळी तेथे लाकडी टेकू द्यायचे. मोठी खाच तयार झाली आणि वरचा सगळा भार टेकूंवर आला की टेकूंभोवती लाकडे रचून आग लावायची. टेकू जळून खचतात, तोवर माणसे दूर झालेली असतात, आणि धुराडे खाचेच्या बाजूला कलू लागते. डिब्ना बुंध्यापासून पळतात आणि बघ्यांना आवडले का म्हणून विचारतात. ज्या धुराड्यांवर जीव होता तीच पाडून पोट भरायचे, हे त्यांचे दुःख होते आणि ते त्यांनी लपवले नाही.

येथे विज्ञानाच्या शिक्षकाला एक घबाड मिळते. धुराडे पडताना नीट पाहा. ते जमिनीवर आपटण्यापूर्वी, हवेतच, बहुधा मध्ये कोठेतरी मोडते आणि वरचा भाग मागे राहतो. का? बुंध्याभोवती फिरणाऱ्या सरळ दांड्यासारखे ते पडत असते. एकसारख्या जाडीचा दांडा टोकाशी टेकून आडवा धरला आणि सोडला तर त्याच्या मोकळ्या टोकाचे त्वरण मुक्तपणे पडणाऱ्या दगडाच्या दीडपट असते. म्हणजे टेकूपासून दोन तृतीयांश लांबीच्या पलीकडचा भाग गुरुत्वाकर्षणाने एकट्याने पडला असता त्याहून वेगाने खाली खेचला जातो. खेचतो कोण? उरलेला दांडा. लाकडाचा दांडा हा ताण सहज सोसतो. चुन्यात बसवलेल्या विटा ताण सोसत नाहीत. वाकवणारा परिणाम बुंध्यापासून साधारण एक तृतीयांश उंचीवर सर्वांत जास्त असतो.

वर्गात करून पाहायचे असेल तर मीटरपट्टीचे एक टोक टेबलाच्या कडेवर टेकवा, दुसरे टोक बोटाने आडवे तोलून धरा, पट्टीवर ओळीने नाणी ठेवा आणि बोट पटकन काढा. टेबलाजवळची नाणी पट्टीबरोबर जातात. टोकाकडची मागे राहतात, पट्टी त्यांच्याखालून निसटते. कोणत्या नाण्यापासून फट पडू लागली ते मुलांना मोजू द्या. हे सारे माहितीपटाने सांगायला हवे होते, असे मला मुळीच वाटत नाही. माहितीपटाने पाहू दिले, तेवढे पुरे. सांगण्यासाठी आपण आहोतच.

पुढच्या काही वर्षांत डिब्नांवर आणखी माहितीपट निघाले. त्यांत कॅमेरा धुराड्यावरून उतरून घरात शिरला. त्यांचा संसार, त्यांची वाफेची यंत्रे, त्यांतून होणाऱ्या कुरबुरी. कारागिराचे 'व्यक्तिमत्त्व' झाले की काम मागे पडते, त्याचा हा नमुना. मी ते फारसे आवडीने पाहिलेले नाहीत.

मग १९९० च्या दशकाच्या अखेरीस डिब्ना खऱ्या अर्थाने सूत्रधार झाले. 'फ्रेड डिब्नाज इंडस्ट्रियल एज' ही औद्योगिक क्रांतीवरची मालिका. पाठोपाठ २००० मध्ये ऐतिहासिक वास्तूंवरची आणि २००२ मध्ये बांधकामकलेवरची मालिका आली. डोक्यावर तीच टोपी, बोलण्याची तीच बोल्टनची ढब. प्रेक्षक खूश होते. माझे मत मिश्र आहे. जलचक्र, बाष्पक, ओतशाळा यांच्याजवळ डिब्ना उभे असतात तेव्हा त्यांचा हात आपोआप वस्तूकडे जातो. रिव्हेट कसा बसला आहे, सांधा कोठे गळेल, हे ते बोटाने दाखवतात आणि आपण त्यांच्या नजरेने पाहू लागतो. पण एखाद्या भव्य कॅथेड्रलसमोर उभे राहून राजांची नावे आणि साल सांगायची वेळ आली की पाठ केलेला धडा म्हणणारा हुशार मुलगा दिसतो. तेथे त्यांना करण्यासारखे काही नव्हते. नामांकित इतिहासकारानेही ते सांगितले असते, कदाचित अधिक चांगले. आमच्या बोलक्या सुतारमिस्त्रींचे झाले तेच येथे झाले, मोठ्या प्रमाणावर आणि बऱ्याच अधिक कौशल्याने.

शेवटची मालिका 'मेड इन ब्रिटन'. डिब्नांना कर्करोगाने गाठले होते. सव्वीस-सत्तावीस वर्षे खपून दुरुस्त केलेले वाफेवर चालणारे आपले रस्त्यावरचे इंजिन घेऊन ते २००४ मध्ये देशभर फिरले. ठिकठिकाणच्या कार्यशाळांत, ओतशाळांत जायचे, अशा इंजिनाचे भाग जेथे घडतात ते पाहायचे, ते घडवणाऱ्यांशी बोलायचे. येथेही सूत्रधार प्रश्नच विचारतो आहे. पण किती वेगळे प्रश्न! ओतीव भागात हवेचे बुडबुडे राहू नयेत म्हणून साचा कसा भरता, हे डिब्ना विचारतात तेव्हा असा भाग स्वतःच्या इंजिनात बसवण्याचा अनुभव त्या प्रश्नामागे असतो. उत्तर चुकीचे निघाले तर काय फुटेल, हे विचारणाऱ्याला ठाऊक आहे. समोरचा कारागीरही मग सरकारी पाहुण्याला द्यायचे उत्तर देत नाही, बरोबरीच्या माणसाला द्यायचे उत्तर देतो. बॉब विला आणि नॉर्म एब्रम यांच्यात जी वाटणी होती ती येथे मिटली आहे. विचारणाराही जाणणारा आहे आणि तरी त्याला खरोखर काही हवे आहे. चित्रण उरकले, आणि ६ नोव्हेंबर २००४ रोजी डिब्ना गेले. मालिका २००५ मध्ये दाखवली गेली. वेग संथ आहे, काही भाग लांबले आहेत, तरी कारागिराने चालवलेल्या मालिकांत मी हिला पहिली जागा देईन.

एक उणीव सर्वांना लागू आहे. या साऱ्या शोधात सुतार, गवंडी, लोहार म्हणून स्त्री कोणालाच सापडली नाही. ज्यूलिया चाइल्ड सापडल्या त्या स्वयंपाकघरात. शोधणाऱ्यांनी पाहिले कोठे, हाही परीक्षणाचाच भाग आहे.

आमच्या फितीचे पुढे काय झाले, ते सांगतो. वर्षभराने आम्ही पुन्हा प्रयत्न केला. या वेळी "काम दाखवतो की" म्हणणाऱ्या मिस्त्रींकडे गेलो. खुर्ची नाही, प्रश्नावली नाही. शाळेतल्या एका वर्गाचे दार पावसाळ्यात अडत होते, ते दुरुस्त करा एवढेच सांगितले. सोबत दोन मुली मदतीला दिल्या आणि कॅमेरा चालू ठेवला.

मिस्त्रींनी दार दोनदा उघडून लावून पाहिले आणि म्हणाले, "फुगलंय. रंधा मारावा लागेल." रंधा पिशवीतून काढला, पण मारला नाही. एका मुलीकडून पोस्टकार्ड मागून घेतले आणि दार व चौकट यांच्यामधल्या फटीतून ते वरून खाली फिरवू लागले. कडीच्या बाजूला वर कार्ड अडले, खाली सहज सरकले. बिजागऱ्यांच्या बाजूला उलट. मिस्त्री काही वेळ नुसते उभे राहिले. मग दार कडीकडून हाताने वर उचलून पाहिले, ते थोडे उचलले गेले. "थांबा," ते म्हणाले, "फुगलं असतं तर सगळीकडनं अडलं असतं. हे लोंबतंय." वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले झाले होते. एका मुलीने विचारले, "वरचेच का? खालचे का नाही?" मिस्त्रींनी तिला दाराचे टोक हाताने पेलायला लावले आणि म्हणाले, "आता सांग, तुझा हात सोडला तर दार वरून कुणीकडं जाईल आणि खालून कुणीकडं?" ती विचार करू लागली. तोवर मिस्त्रींनी भोकांत फेविकॉल लावून लाकडाच्या बारीक काड्या ठोकल्या होत्या. रंधा पिशवीत परत गेला. "आज रंधा मारला असता," ते जाता जाता म्हणाले, "तर उन्हाळ्यात या फटीतून पाल आली असती."

संकलन करताना आमच्यापैकी एकाचे म्हणणे पडले की सुरुवातीचा रंध्याचा भाग कापून टाकावा. मिस्त्रींचे निदान आधी चुकले, हे मुलांपुढे कशाला? शिवाय ते नुसते उभे आहेत, त्यात चाळीस सेकंद जातात. बराच वाद झाला. ती चाळीस सेकंदे आम्ही ठेवली.